लाइज ऑफ पी: डेमोत लागलेली सवय पूर्ण गेममध्येही सुटली नाही

‘लाइज ऑफ पी’ हा पिनोकिओच्या गोष्टीवरचा मारामारीचा गेम. त्याचा डेमो, म्हणजे फुकट खेळायला मिळणारा सुरुवातीचा भाग, जून २०२३ मध्ये आला आणि पूर्ण गेम १९ सप्टेंबरला. पूर्ण गेम मी कित्येक महिने खेळतोय, एकदा संपवून पुन्हा सुरू केलाय. तरी माझी खेळायची पद्धत डेमोनेच ठरवली.

डेमोत डॉज, म्हणजे वार चुकवून बाजूला होणं, फार जड होतं. परेड मास्टर हा पहिला मोठा बॉस, म्हणजे तगडा शत्रू, हात उगारतो आणि मध्येच रोखून धरतो. आपण घाईने बाजूला झालो की नेमका तेव्हाच दणका देतो. पळून जमेना, म्हणून जागेवर उभं राहून अडवायला शिकलो. घाव बसायच्या क्षणी गार्डचं, म्हणजे अडवायचं, बटण दाबलं की परफेक्ट गार्ड होतो, हेल्थ जात नाही, आणि सतत जमलं तर समोरच्याचं हत्यारसुद्धा तुटतं. सोलापुरातल्या अशोक चौकातला माझा मित्र लूमवाल्या, म्हणजे यंत्रमागवाल्या, घरातला. तो लूमच्या खटक्यासारखा ठेका धरून गार्ड मारतो. “हात बघू नको बे, आवाज ऐक,” म्हणाला, आणि तिथून माझं जमायला लागलं.

डेमोवरची खेळणाऱ्यांची नाराजी गेम बनवणाऱ्या राउंड एट स्टुडिओने मनावर घेतली आणि रिलीजआधी डॉज सुधारला. याबद्दल मला त्यांचं खरंच कौतुक आहे. पण तोवर माझं बोट गार्डवर बसलं होतं, आणि त्याचा फायदाच झाला. शत्रू लाल चमकून जो वार करतो, त्याला डॉज चालत नाही, परफेक्ट गार्डच लागतो. शेवटाकडच्या लॅक्सेशिया या बॉसने फेकलेली वीजही त्याच गार्डने तिच्यावर उलटवता येते. ती पहिल्यांदा उलटली तेव्हा मी खुर्चीतून उठून ओरडलो!

डेमोचा दुसरा फायदा पैशाचा. जुळे सोलापुरातली माझी खोली थेट स्लॅबखाली. उन्हाळ्यात लॅपटॉप तापला की फ्रेम पडतात, म्हणजे चित्र अडखळतं, आणि गार्डचा टायमिंग हुकतो. ग्राफिक्स कमी केले की नीट चालतो, हे डेमोतच कळलं, म्हणून विकत घेताना धाकधूक नव्हती.

कथा ठीक. काही चॅप्टर मात्र उगाच लांबवलेत. हत्याराचं पातं एकाचं, मूठ दुसऱ्याची जोडता येते, त्यात माझे तासन्‌तास जातात. जून २०२५ मध्ये ‘ओव्हर्चर’ हा गेमचा जादा भाग आला, तेव्हा गेम सोपा करायच्या लेव्हलही मिळाल्या. नवीन असाल तर त्या जरूर घ्या, पण परेड मास्टरपाशी पळू नका, तिथेच गार्ड पक्का करा.