टाको खावा तर मक्याच्या टॉर्टियाचा

घोडबंदर रोडवरच्या या छोट्या मेक्सिकन हॉटेलात जायचं ते टॉर्टियासाठी, म्हणजे सारण भरून दुमडली की टाको होतो त्या मक्याच्या पातळ पोळीसाठी. बाकी ठिकाणी टाको म्हटलं की कडक तळलेलं कवच आणि वर चीजचा ढीग. तो प्रकार अमेरिकेत रुजलेला. इथे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर भिजवून मग वाटतात. मेक्सिकोत ही पद्धत हजारो वर्षांची आहे, आणि तिच्यामुळेच मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. २०१० साली युनेस्कोने तिथल्या पारंपरिक पाककलेला वारसा यादीत घेतलं, त्यात याचाही मोठा वाटा. काउंटरजवळ बसा: गोळा दाबून चपटा होतो, तापल्या तव्यावर पडतो, उलटला की भाकरीसारखा टम्म फुगतो. वासानेच भूक खवळते!

मशरूमचा टाको घ्याच. वर बारीक कांदा, कोथिंबीर, लिंबू, बस्स. साल्साचे, म्हणजे सोबतच्या चटणीचे, टोमॅटो आणि मिरच्या काळे डाग पडेपर्यंत भाजतात, म्हणून तिखट असूनही खमंग लागतो. बरिटो, म्हणजे टॉर्टियाची सारण भरलेली गुंडाळी, मात्र नुसता भाताने भरलेला; आईने अर्धा तसाच ठेवला. शनिवारी साडेसातच्या आत पोचा, नंतर टॉर्टिया संपतात.