नागपूरच्या धरमपेठेतला एजंट, चार खोटे व्हिसा आणि आमचे १,७१,७२० रुपये

आकडा आधीच सांगते. एजंटला व्हिसाचे म्हणून दिलेले ४१,८००. विमानाचे ९८,४२० (तिकिटं १,१२,६४० ची होती, टॅक्सचे १४,२२० तेवढे परत आले). हनोईचं हॉटेल आणि हालाँग बेची बोट मिळून ३१,५००. एकूण १,७१,७२०. मी बँकेत २२ वर्षं नोकरी करते, आणि तरीही फसले. घरात अजून या विषयावर कोणी बोलत नाही.

मी, मिस्टर, दहावीतून सुटलेला मुलगा आणि ७१ वर्षांच्या सासूबाई, असे चौघं व्हिएतनामला निघालो होतो. भारतीयांना तिथला ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. ९० दिवसांपर्यंतच्या एका प्रवेशाचे २५ डॉलर, म्हणजे चौघांचे १०० डॉलर. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मार्च एंड होता, रात्री नऊला घरी यायचे. पासपोर्टवर आपल्या नावात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, ते अर्जात तंतोतंत उतरलं नाही तर विमानतळावर अडवतात आणि फीही परत मिळत नाही. त्याची धास्ती होती. कॉलनीतल्या दोन कुटुंबांचं काम या माणसाने नीट करून दिलं होतं. तुम्हीही त्याच्याकडेच गेला असता.

"मॅडम, कशाला टेन्शन घेऊन राहिले? दिल्लीच्या एम्बसीत आपला माणूस आहे," म्हणाला. ई-व्हिसा हनोईचं इमिग्रेशन खातं देतं, एम्बसीचा त्यात काही संबंध नाही. माणशी ६,८००, वर माणशी २,५०० 'अर्जंट', आणि माणशी १,१५० विम्याचे. निघायला ४० दिवस असताना अर्जंट कशाला, हे मी विचारलं नाही. १७ मार्चला २०,००० आणि २१ ला २१,८०० यूपीआयने त्याच्या खासगी नंबरवर टाकले. पावती मागितली तर "व्हिसा हीच पावती". दुकानाच्या नावाचं खातं नसेल तर एक रुपया टाकू नका.

३० मार्चला व्हॉट्सॲपवर चार पीडीएफ आल्या. मी प्रिंट काढून जेवणाच्या टेबलावर चारही पासपोर्टशेजारी मांडल्या. पेन्सिलने एकेक टिक केली. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, सगळं बरोबर. मुलगा शेजारी उभा राहून पाहत होता. म्हणाला, "आई, तुझ्या आणि आजीच्या कागदावर रजिस्ट्रेशन कोड सेम कसा?"

मी तो कोड पाहिला. डोळ्यांनी पाहिला. आणि म्हणाले, "फॅमिली व्हिसा असेल."

असं काही नसतं! प्रत्येक पासपोर्टचा व्हिसा वेगळा, कोड वेगळा. दोन डिमांड ड्राफ्टवर एकच नंबर दिसला असता तर मी जागच्या जागी काम थांबवलं असतं. एजंटला फोन केला, तो म्हणाला "ग्रुप फाईल आहे", आणि मी त्या पेन्सिलीने तिथेही टिक केली. तो कागद अजून माझ्याकडे आहे. व्हिएतनामच्या सरकारी साइटवर कोड, ईमेल आणि जन्मतारीख टाकली की व्हिसा खरा की खोटा ते कळतं. पण अर्जात ईमेल त्याचा होता, निदान त्याने तसं सांगितलं. एजंटकडून करून घेतलंत तरी ईमेल स्वतःचाच द्या. आणि पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट व्हीएन' आहे ना, ते बघा. दिसायला तशाच खासगी साइट्स भरपूर आहेत.

२६ एप्रिलला कोलकाता विमानतळावर विमान कंपनीच्या काउंटरवरच्या मुलीने चारही कागद तपासले आणि म्हणाली, असे व्हिसाच नाहीत. सासूबाई व्हीलचेअरवर बसून विचारत होत्या, "काय झालं गं?" मला उत्तर देता आलं नाही.

नागपुरात परतल्यावर पोलीस ठाण्यात गेलो. म्हणाले, ऑनलाइन पैसे गेले, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, ओळखीच्या माणसाला तुम्ही स्वतःच पाठवले, हा देण्याघेण्याचा वाद, दिवाणीत जा. पुन्हा ठाण्यात, तर "अडवलं कोलकात्यात ना? मग तिथे तक्रार करा." अहो, पैसे नागपुरात दिले, कागद नागपुरात आले! आणि हद्द कुठलीही असो, झिरो एफआयआर घ्यावाच लागतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते लिहिलेलं आहे. फसवणुकीचं ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालं, बनावट कागदाचं ३३६, हे मी त्यांना वाचून दाखवलं. त्यावर एक साहेब म्हणाले, "बनावट कागद तर तुम्हीच वापरला, मॅडम." सासूबाईंचं नाव आहे त्या कागदावर! ७१ वर्षांच्या बाईला आरोपी करणार का तुम्ही? चार फेऱ्या झाल्या, माझ्या चार रजा गेल्या, हातात फक्त अर्जाची पोच. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा पैसे देऊन ४० दिवस होऊन गेले होते, खात्यात थांबवायला काही उरलंच नव्हतं. तो नंबर पहिल्या काही तासांत लावायचा असतो.

आता ग्राहक आयोगात ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून तक्रार टाकली आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. व्हॉट्सॲप चॅट डिलीट करू नका, माझी सगळी भिस्त त्याच्यावरच आहे.

परवा त्या गल्लीतून गेले. दुकान उघडं आहे, पाटी मात्र नवीन: 'दुबई, बाली, व्हिएतनाम, व्हिसा २४ तासांत'. आत एक जोडपं पासपोर्ट हातात धरून बसलं होतं. मी आत गेले आणि त्यांना बाहेर बोलावलं.