इंटरमिजिएटचा चित्रकला क्लास: पालकाचा अनुभव

खरं सांगायचं तर, इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षेत ए ग्रेड आली की दहावीला 7 वाढीव गुण मिळतात, म्हणून लेकीला इथे घातलं. सर मात्र गुणांचं नावही काढत नाहीत. स्थिरचित्राला तांब्या, दोन कांदे आणि चुरगळलेला पंचा मांडतात. पेन्सिल उचलण्याआधी नुसतं बघत बसायचं. तांब्याचं गोल तोंड तिरकं पाहिलं की लंबवर्तुळ दिसतं, हे भूमितीच्या पुस्तकातून तिच्या डोक्यात कधी शिरलं नव्हतं. खोडरबर जवळजवळ बंदच. स्मरणचित्रासाठी तर मंडईत पाठवलं, तेही वही न देता! संकल्पचित्र, म्हणजे नक्षीकाम, मात्र घाईत उरकतात. जागा कोंदट, पोस्टर कलरचा खर्च वेगळा. तयार चित्रं घोटून घेणारा क्लास हवा असेल तर इकडे फिरकू नका.