नसलेल्या खोलीचे १,२२० युरो

आधी आकडा सांगून टाकते, म्हणजे लाज एकदाच वाटेल. ऑगस्ट २०२३ मध्ये मी इटलीत बोलोन्याच्या एका खोलीसाठी १,०२० युरो पाठवले आणि आठ दिवसांनी आणखी २००. युरो तेव्हा नव्वदच्या आसपास होता. बँकेचे चार्जेस धरून एक लाख दहा हजारांच्या पुढे गेले. बाबांची एक एफडी मुदतीआधी मोडली होती. ती खोली नेमकी कुठे आहे, हे मला आजही माहीत नाही.

पुण्यात अर्थशास्त्रात एम.ए. करत होते, तेव्हा एका सेमिस्टरसाठी बोलोन्याला जायची संधी मिळाली. तिथलं विद्यापीठ १०८८ पासूनचं मानतात. गावाची वस्ती चार लाखांच्या घरात, आणि विद्यापीठाच्या सगळ्या केंद्रांत मिळून ऐंशी हजारांवर विद्यार्थी. त्यात पर्यटकांना रोजाने दिलेली घरं वेगळीच. खोल्यांसाठी अक्षरशः मारामारी. एकट्याची खोली, म्हणजे 'सिंगोला', पाचशे-सहाशे युरोंच्या खाली दिसत नव्हती. दोघींच्या खोलीतली नुसती कॉट, 'पोस्तो लेत्तो', तीही चारशेच्या आसपास. बहुतेक मालक उत्तरच देत नव्हते, आणि जे देत होते ते म्हणत होते, येऊन बघा. येऊन कशी बघणार? व्हिसाच्या फाइलला राहण्याचा पत्ता लागतो. घर नाही तर व्हिसा नाही, आणि व्हिसा नाही तर घर बघायला जाता येत नाही. आमच्यासारख्यांना हेरणारे नेमके याच फटीत बसलेले असतात.

अशात मला ३४० युरोंची सिंगोला सापडली. विद्यापीठापासून चालत दहा मिनिटं, वीज-पाणी-गॅस त्यातच. फोटोत हिरव्या झडपांची खिडकी, निळी चादर, कोपऱ्यात लाल सायकल. मालकाने तासाभरात उत्तर दिलं, तेही अदबशीर इंग्रजीत. तो म्हणे नॉर्वेच्या समुद्रात तेलविहिरीवर इंजिनिअर. घर रिकामं पडून आहे, पैशापेक्षा नीटनेटकी मुलगी हवी आहे.

आता हे वाचून तुम्ही हसाल. पण माझे काका कित्येक वर्षं बॉम्बे हायवर होते. पंधरा दिवस समुद्रात, पंधरा दिवस घरी. त्यांना फोन लागायचा नाही, हे मी लहानपणापासून बघितलेलं. त्यामुळे बाबा म्हणाले, "बाळा, माणसाला एकदा व्हिडिओ कॉलवर बघ तरी," तेव्हा मीच त्यांना समजावलं की तिथे नेट कसं कच्चं असतं. खरं सांगायचं तर नेट कच्चं आहे असं तो माणूस एकदाही म्हणाला नव्हता. तो फक्त "मी विहिरीवर आहे" एवढंच म्हणाला. बाकीचं माझं मी जोडलं.

सगळा व्यवहार असाच झाला. तो एक ओळ लिहायचा आणि त्याची वकिली मी करायचे. त्याने आपलं इटालियन ओळखपत्र पाठवलं, मी कौतुकाने घरी दाखवलं. माझा पासपोर्ट मागितला, तो लगेच पाठवला. त्याने एक लिंक दिली: पैसे एका नामांकित भाड्याच्या साइटकडे राहतील, किल्ली हातात पडल्यावरच त्याला मिळतील. पान हुबेहूब होतं, लोगो, रंग, खाली मदतकक्षाची चॅट. फक्त वरच्या पत्त्यात साइटच्या नावापुढे जोडरेघ देऊन आणखी एक शब्द होता. तो मला दिसला होता. वाटलं, इटलीसाठी वेगळं पान असेल.

बँकेतल्या मॅडमनी मात्र चांगलंच पकडलं होतं. परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म भरून दिला, तर त्यांनी चष्मा खाली केला आणि विचारलं, "अहो, घर इटलीत ना? मग खातं लिथुआनियाचं कसं?" युरोपातल्या खात्याचा जो लांबलचक आयबॅन क्रमांक असतो, त्याची पहिली दोन अक्षरं देशाची असतात. इटलीचा आयटीने सुरू होतो, हा एलटीने होता. खाली नावही साइटचं नव्हतं, कुणातरी माणसाचं होतं. तो म्हणे साइटचा एजंट. मी घरी येऊन शोधलं, तर कितीतरी ऑनलाइन बँका लिथुआनियातून चालतात, आणि ते खरंही आहे. झालं, मला तेवढंच हवं होतं. दुसऱ्या दिवशी मॅडमना मीच व्याख्यान दिलं. त्या म्हणाल्या, "बघा बाई, तुमचे पैसे." आणि शिक्का मारला.

एक महिन्याचं भाडं आणि दोन महिन्यांची अनामत, तिकडे बोलताना तिला 'कापार्रा' म्हणतात, असे १,०२० गेले. करार आला, इटालियनमध्ये, शिक्क्यासकट. आठ दिवसांनी निरोप आला: कराराच्या नोंदणीचे २०० राहिलेत, नाहीतर खोली दुसरीला जाईल. तेव्हा पहिल्यांदा पोटात गोळा आला. पण हजार अडकले होते, आणि ते वाचवायचे तर दोनशे द्यायला हवेत असं वाटलं. बुडालेल्या पैशापाठी आणखी पैसे घालू नयेत, या विषयावर मी परीक्षेत दहा मार्कांचं उत्तर लिहिलेलं आहे. चांगले मार्क पडले होते.

सप्टेंबरमध्ये दोन बॅगा ओढत त्या पत्त्यावर पोचले. बोलोन्यात मैलोन् मैल कमानींखालून चालता येतं, ऊन-पाऊस लागत नाही. फरशीवर बॅगांच्या चाकांचा मात्र भयंकर आवाज होतो. इमारत होती. खाली औषधांचं दुकान, वर हिरव्या झडपा. दारावर घंटांची पितळी पाटी. इटलीत घंटेवर बहुतेक फ्लॅटचा नंबर नसतो, आडनावं असतात. चौदा आडनावं होती. मी ती तीनदा वाचली. माझ्या मालकाचं त्यात नव्हतं.

नक्कीच वेगळ्या नावाने असेल, असं तेव्हाही मनात आलं. माझ्यातला वकील अजून थकला नव्हता.

कुत्र्याला फिरवायला निघालेल्या एका आजींना मी करार दाखवला. त्यांनी तो वाचलाही नाही. आधी दोन बोटं वर केली, मग एक बोट माझ्याकडे केलं. माझ्याआधी दोघं येऊन गेले होते. आजींनी मला तिथल्या पायरीवर बसवलं, दुकानातून पाणी आणून दिलं आणि त्यांच्या भाषेत खूप वेळ कुणाला तरी शिव्या घातल्या. भाषा येत नसली तरी शिव्या कळतात.

हॉस्टेलमधल्या आठ जणींच्या खोलीत रात्र काढून सकाळी पोलिसांकडे तक्रार दिली. तिथे तिला 'देनुन्चा' म्हणतात. तिची शिक्क्याची प्रत जरूर घ्या, बँक आणि आपल्याकडचे पोलीस तीच मागतात. अधिकाऱ्याने ते ओळखपत्र बघितलं आणि शांतपणे सांगितलं की कार्ड बहुधा खरं आहे, पण चोराचं नाही. आधी फसलेल्या एखाद्याचं असेल. मग मला विचारलं, "तुम्ही त्याला काय पाठवलंत?" माझा पासपोर्ट. म्हणजे आता कुठेतरी एखादी मुलगी माझा फोटो बघून म्हणत असेल, मालकीण चांगल्या घरची दिसते. पैशापेक्षा हे जास्त लागलं, अजूनही लागतं.

भारतातल्या बँकेने लिथुआनियाच्या बँकेला पैसे परत मागणारा निरोप धाडला. खातं रिकामं होतं. आपल्याकडच्या सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली, पण तो नंबर पहिल्या काही तासांत उपयोगाचा. मी महिनाभराने केला.

नंतर कळलेल्या गोष्टी सांगते, कारण त्या आधी कुणी सांगितल्या नव्हत्या. इटलीत भाडेकराराची नोंदणी तिथल्या करखात्याकडे, आजेन्झिया देल्ले एन्त्राते, तीस दिवसांत करावी लागते, आणि तिची पावती मिळते. पावतीशिवायचा करार म्हणजे कागद. घर कुणाच्या नावावर आहे हेही थोडे पैसे भरून बघता येतं, 'विझूरा कातास्ताले' म्हणतात, साधारण आपल्या मालमत्ता पत्रकासारखं. पुण्यात मी पेइंग गेस्टऐवजी फ्लॅट भाड्याने घेतला तेव्हा बाबांनी मालकाकडे इंडेक्स टू मागितला होता. तोच प्रश्न इटलीच्या मालकाला विचारायला मला लाज वाटली. गोऱ्या माणसाला कसं विचारायचं, असं. तो गोरा होता की कसा, हेही मला माहीत नाही. व्हिसाच्या पत्त्यासाठी सुरुवातीचे काही आठवडे हॉस्टेल किंवा विद्यापीठाच्या वसतिगृहाचं बुकिंग चालेल का, हे अर्ज करतानाच विचारून घ्या आणि खोली तिथे पोचल्यावर डोळ्यांनी बघून ठरवा. तिथे आधीच असलेला एखादा विद्यार्थी तुमच्या वतीने जाऊन दार उघडून बघू शकतो. "बघायला कुणी पाठवू का?" या एका प्रश्नावर निम्मे मालक गायब होतात.

मला अठराव्या दिवशी स्टेशनामागच्या बोलोनीना भागात कालाब्रियाच्या एका मुलीसोबत पोस्तो लेत्तो मिळाली, ३८० युरो. मालकीणबाईंनी पावती स्वतः आणून दिली आणि घंटेच्या पाटीवर कागदाच्या तुकड्यावर माझं आडनाव चिकटवलं, स्पेलिंग चुकवून. मी दुरुस्त केलं नाही. ऑक्टोबरात गावातला तो कललेला गारिसेंडा मनोरा जास्तच हलतोय म्हणून भोवतालचा परिसर बंद केला, तेव्हा आम्ही दोघी कठड्याबाहेर उभ्या राहून बघत होतो.

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजातल्या एका ज्युनिअरने मला जाहिरात पाठवली: "ताई, ही बघ ना, पादोव्हाला आहे, स्वस्त वाटते." हिरव्या झडपा, निळी चादर. लाल सायकल या वेळी कापून टाकली होती, फक्त मागच्या चाकाचा थोडा भाग कोपऱ्यात राहिला होता.