परदेशी फंड की देशी एआयएफ? रिअल इस्टेट पीईमधल्या पहिल्या नोकरीचा हिशोब

मुंबईत रिअल इस्टेट प्रायव्हेट इक्विटीत (पीई, म्हणजे मोठ्या गुंतवणूकदारांचे पैसे गोळा करून मालमत्तेत लावणारे फंड) फ्रेशरसाठी जागा मुळातच मोजक्या, त्यामुळे दोन ऑफर एकदम आल्या असतील तर टेन्शन येणारच. पण बहुतेक जण सीटीसी (कंपनीला पडणारा वर्षाचा एकूण खर्च) बघून ठरवतात, आणि माझ्या मते पहिल्या दोन-तीन वर्षांत त्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. फंड ठरावीक वर्षांचाच असतो, तो कुठल्या वर्षात आहे ते आधी बघा, पगार नंतर.

तरी पैशाचं बोलून घेऊ. परदेशी फंडाच्या बीकेसी किंवा लोअर परळच्या ऑफिसात साधारणपणे फिक्स जास्त आणि बोनसही फिक्सच्या मानाने मोठा. देशी फंडाच्या सीटीसीत कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, मेडिक्लेम, 'टार्गेट व्हेरिएबल' असं सगळं कोंबलेलं असतं. समजा देशी ऑफर 28 लाखांची, त्यात 5 लाख व्हेरिएबल आणि दीड लाख बाकीची भर, म्हणजे फिक्स साडेएकवीस. समोर 24 फिक्स, बोनस वेगळा, अशी ऑफर असेल तर दिसायला लहान असली तरी तीच मोठी. आणि बोनस पेआउटच्या आधी राजीनामा टाकला की बहुतेक ठिकाणी गेलाच, वर नोटीस 90 दिवसांची, तेव्हा पुढची उडी कधी मारायची हे पण त्यावरच ठरतं.

आता काम. परदेशी फंडात मुख्यतः भाड्याने दिलेली ऑफिसं, मॉल, वेअरहाउस. तुम्ही रेंट रोल (भाडेकरू आणि भाड्यांची यादी) घेऊन बसता, एकेक लीज वाचता, लॉक-इन (भाडेकरूला सोडून जाता न येण्याचा काळ) कधी संपतो, दर 3 वर्षांनी 15% वाढ आहे की नाही, आणि मग मॉडेल. वर्षाला 100 कोटी निव्वळ भाडं देणारी इमारत 8% कॅप रेटला (भाडं भागिले किंमत) 1,250 कोटींची होते आणि साडेआठला साधारण 1,176 कोटींची, अर्ध्या टक्क्यात 74 कोटी उडाले, म्हणून एक्सेलमधल्या त्या एका सेलवर रात्री अकराला सिंगापूरच्या ऑफिसशी कॉल चालतो. शिस्त लागते, ब्रँड मिळतो. पण निर्णय तिकडे, तुम्ही इकडे स्लाइड नीट करताय.

देशी एआयएफमध्ये (अल्टरनेटिव्ह इन्व्हेस्टमेंट फंड, सेबीकडे नोंदलेले देशी फंड) बऱ्याचदा बिल्डरला कर्ज देणं हेच काम, नाव पीई असलं तरी. 2018 मध्ये आयएल अँड एफएस ही मोठी वित्तसंस्था बुडाली, एनबीएफसींनी (बँक नसलेल्या कर्ज कंपन्यांनी) हात आखडता घेतला आणि त्या जागेत हे फंड वाढले. इथे असोसिएट स्वतः साइटवर जातो. बिल्डरच्या एमआयएसमध्ये (प्रगती अहवालात) सातवा स्लॅब पडलाय असं लिहिलेलं असतं आणि जाऊन बघावं तर पाचव्याचं शटरिंग चालू! मग रेरा खात्यात (कायद्याने प्रकल्पासाठी वेगळं ठेवायचं खातं) ग्राहकांचे 70% पैसे येतायत का, एस्क्रोमधून (अटींवरच पैसे सुटणारं खातं) कुणाला काय गेलं, हे खणायचं. मराठी येणाऱ्याचा इथे खरंच फायदा होतो, सातबारा, फेरफार, रिडेव्हलपमेंटवाल्या सोसायटीचे ठराव हे वकिलाच्या रिपोर्टची वाट न बघता स्वतः वाचता येतात, आणि मीटिंगमध्ये कमिटीतले काका नक्की कशावर अडून बसलेत ते कळतं. दोन वर्षांत बिल्डर कसा विचार करतो ते समजतं, मॉडेलिंग मात्र कच्चं राहू शकतं.

प्रमोशनमध्ये टायटलला फसू नका, देशी फंडातला एव्हीपी (असिस्टंट व्हाइस प्रेसिडेंट) बरेचदा परदेशी फंडातल्या असोसिएटच्याच पातळीचा असतो. परदेशी फंडात अॅनालिस्टवरून असोसिएट ठरल्या वेळेत होतं, पण व्हीपीच्या (व्हाइस प्रेसिडेंटच्या) वर दार अरुंद, कारण अख्खी इंडिया टीमच छोटी आणि वरचे हलत नाहीत. देशी फंडात सगळं पुढच्या फंडावर अडतं. नुकताच पहिला क्लोज झालाय (गुंतवणूकदारांच्या पैशाचा पहिला टप्पा पक्का झालाय), पैसे गुंतवायचेत, तर डील मिळतील आणि बढतीही. तोच फंड चौथ्या-पाचव्या वर्षात असेल आणि पुढचा उभा राहत नसेल तर तुम्ही फक्त वसुली करणार.

कॅरीचं (फंडाच्या नफ्यातला टीमचा वाटा) गाजर दोन्हीकडे दाखवतात. आधी हिशोब बघा: 1,000 कोटींचा फंड, सगळे पैसे पहिल्या दिवशी लावले, 5 वर्षांनी 1,600 कोटी परत आले. 600 कोटी नफा, भारीच ना? पण हर्डल (गुंतवणूकदाराला आधी द्यायचा किमान परतावा) 10% चक्रवाढ असेल तर गुंतवणूकदाराला आधी 1,610 कोटी जायला हवेत, म्हणजे कॅरी शून्य. ज्युनिअरला तसाही सहसा तो मिळत नाही, मिळालाच तर व्हेस्टिंग (तो हक्क टप्प्याटप्प्याने कधी पक्का होतो) आणि सोडून गेल्यावर काय होतं ते लेखी मागा.

माझं मत विचाराल तर, परदेशी फंडाच्या डील टीमची (खरेदी-विक्रीचे व्यवहार करणारी) ऑफर असेल तर डोळे झाकून घ्या, तिथली शिस्त पुढे कुठेही चालते. त्याच फंडाच्या अॅसेट मॅनेजमेंटची (घेतलेल्या मालमत्ता सांभाळणारी) असेल तरी नाक मुरडू नका, 2019 ला एम्बसीपासून लिस्टेड रीट (भाड्याच्या मालमत्तांचे, शेअर बाजारात युनिट असलेले ट्रस्ट) सुरू झाल्यावर त्या कामाला बाहेर गिऱ्हाईक आहे. त्यातलं काहीच नसेल तर नवा पैसा उभा केलेला देशी फंड. जुना फंड असेल तर पगार 4 लाख जास्त असला तरी मी जाणार नाही.

इंटरव्ह्यूत एवढंच विचारा: मागच्या वर्षात किती डील क्लोज झाल्या आणि माझ्या आधी या खुर्चीत जो होता तो आता कुठे आहे. आणि जॉइनिंग बोनस देत असतील तर किती महिन्यांत सोडल्यास परत भरावा लागतो ते कलम सही करायच्या आधी वाचा.