लहान मुलांच्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण: एका पाळणाघरवालीचा अभिप्राय

मी पाळणाघर चालवते. रांगणाऱ्या बाळांपासून शाळेत जायच्या वयापर्यंतची मुलं दिवसभर माझ्या आणि माझ्या दोन मदतनीस मुलींच्या हाती असतात, म्हणून हे दिवसभराचं प्रशिक्षण आम्ही तिघींनी एकत्रच केलं. दुसऱ्याचं मूल सांभाळणाऱ्या प्रत्येकाने ते करावं, असं माझं ठाम मत आहे. काही उणिवा आहेत, त्याही सांगते.

सगळ्यात मोलाचा भाग सकाळचा. शिकवणाऱ्या सिस्टरांनी मुलांच्या अतिदक्षता विभागात वर्षानुवर्षं काम केलेलं. त्यांनी सुरुवातीला सरावाच्या बाहुलीला हातच लावू दिला नाही. पडद्यावर एकामागून एक आजारी मुलं दाखवली, आवाज बंद ठेवून, आणि विचारलं, यातलं कुठलं मूल थांबू शकत नाही? मुलाला हात लावण्याआधी, दारातूनच तीन गोष्टी बघायच्या. मूल नजर देतंय, हातपाय हलवतंय की लुळं पडलंय. श्वास घ्यायला त्याला कष्ट पडताहेत का. आणि अंगाचा रंग फिकट, निळसर किंवा चट्ट्याचट्ट्यांचा दिसतोय का. जोरात रडणाऱ्या मुलाकडे सगळे धावतात, पण निपचित पडलेल्याकडे आधी जायचं, हे त्या तासात मनात पक्कं बसलं.

मग श्वास मोजायला शिकवलं. मूल शांत असताना, अंगावरचा कपडा वर करून, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त, एक वर्षाच्या आत 50 किंवा जास्त, पाच वर्षांच्या आत 40 किंवा जास्त भरले, तर ती धाप समजायची. बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणं, नाकपुड्या फुलणं, प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येणं, ही त्याहून मोठी धोक्याची खूण. एका चित्रफितीत धाप लागलेल्या मुलाचा श्वास हळूहळू मंदावला आणि आमच्यातल्या बऱ्याच जणी म्हणाल्या, आता बरं वाटतंय त्याला. सिस्टरांनी तिथेच चित्रफीत थांबवली. ते मूल दमलं होतं. मूल मलूल असताना श्वास मंदावला, तर परिस्थिती सुधारलेली नसते, हातची जात असते. या एका गोष्टीसाठीसुद्धा मी हे प्रशिक्षण सुचवेन.

दुपारी घशात काही अडकलं तर काय करायचं ते आलं. मूल जोरात खोकतंय तोवर खोकू द्यायचं. आवाजच फुटत नसेल, तर एक वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं घेऊन, डोकं छातीपेक्षा खाली ठेवून, पाठीवर दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने 5 थापा. मग उताणं करून छातीच्या मध्यावर 5 दाब. वस्तू निघेपर्यंत हेच आळीपाळीने. इतक्या लहान बाळाचं पोट दाबायचं नाही, आतल्या अवयवांना इजा होते. वस्तू दिसत नसेल तर घशात बोट घालून चाचपायचंही नाही, ती आणखी आत जाते. बाळ बेशुद्ध झालं, की लगेच सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं.

सीपीआरला एकट्या माणसाने 30 दाब आणि 2 श्वास, मिनिटाला 100 ते 120 च्या गतीने, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल. तान्ह्या बाळात ते सुमारे 4 सेंटिमीटर होतं. माझी धाकटी मदतनीस भीतीने वरवरच दाबत होती. सिस्टरांनी तिच्या हातावर स्वतःचा हात ठेवून खोली दाखवली, तेव्हा तिचा चेहरा बदलला. मुलांचं हृदय बहुतेक वेळा श्वास अडल्यामुळे थांबतं, म्हणून तोंडाने दिलेला श्वास वगळायचा नाही, हेही त्यांनी कारणासकट समजावलं.

आता उणिवा. बाहुल्या कमी आणि माणसं जास्त. दाबाचा सराव हाताला बसायच्या आत पाळी संपते. बँडेज गुंडाळण्यात बराच वेळ गेला, आणि तापातले झटके शेवटी घाईघाईत उरकले. सहा महिने ते पाच वर्षं या वयात ते इतके आढळतात, की उलट व्हायला हवं होतं. मुलाला कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही, वेळ बघायची आणि झटका 5 मिनिटांपुढे गेला तर रुग्णवाहिका बोलवायची, एवढंच सांगितलं. तो प्रसंग करून दाखवला असता तर आम्हा तिघींना कोणी काय करायचं ते कळलं असतं. जुलाबाने अंगातलं पाणी कमी होण्याबद्दल तर शब्दही नव्हता. खोल गेलेले डोळे, खाली बसलेली टाळू, अश्रूंविना रडणं, तासन्‌तास कोरडा लंगोट, हे पाळणाघरात आधी आमच्याच नजरेला पडणार.

पुस्तिकेचा टाइप बारीक आहे, संकटात तो कोण वाचणार? भिंतीवर लावायचा तक्ता मात्र उत्तम, मोठ्या चित्रांचा. तो मी फोनच्या वरच लावलाय.

नाव नोंदवताना एका बाहुलीमागे किती जण असतील ते आधी विचारा आणि छोटी तुकडी मिळत असेल तर तीच घ्या. सीपीआरचा हात काही महिन्यांतच विसरायला लागतो, म्हणून फक्त सरावाचं छोटं सत्र अधूनमधून ठेवा, असं मी संस्थेला लिहून दिलंय. ते सुरू झालं तर आम्ही तिघी नक्की जाणार.