टॉक्सोप्लाझ्मा आणि दृष्टिपटल: पेशीथर, ऑर्गनॉइड की दात्याचे ऊतक?

डोळ्यातल्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा अभ्यास उंदरावर करता येतो, पण दोन ठिकाणी उंदीर फसवतो. त्याच्या दृष्टिपटलात मॅक्युला, म्हणजे स्पष्ट दिसण्याचा मधला भाग, नसतो. शिवाय परजीवीचे प्रोफिलिन हे प्रथिन ओळखणारा टीएलआर-११ हा प्रतिकारशक्तीचा ग्राहक उंदरात काम करतो. माणसात ते जनुक निकामी आहे. म्हणून मानवी ऊतक. पण कोणते?

बहुतेकांची पहिली धाव ऑर्गनॉइडकडे, म्हणजे स्टेम सेलपासून वाढवलेल्या छोट्या त्रिमितीय दृष्टिपटलाकडे, जाते, आणि बरेचदा ती घाईच ठरते. परजीवी पेशीत कसा शिरतो, किती वेगाने वाढतो, औषधाने थांबतो का, एवढेच पाहायचे असेल तर दृष्टिपटलामागच्या रंगद्रव्य पेशींचा एकेरी थर पुरतो. एआरपीई-१९ सेल लाइन सांभाळायला सोपी, मात्र पेशींमधले जोड सैल. अडथळा ओलांडणे तपासायचे तर स्टेम सेलपासून बनवलेला थर ट्रान्सवेलवर (सच्छिद्र पडद्याच्या इन्सर्टवर) वाढवा, संसर्गाआधी थराचा घट्टपणा दाखवणारा विद्युत रोध मोजा आणि रिकाम्या इन्सर्टचे वाचन वजा करा. छिद्राचे माप आधी पाहा. टॅकिझोइट, म्हणजे परजीवीचे वेगाने वाढणारे रूप, साधारण २ × ६ मायक्रोमीटरचा; ०.४ च्या छिद्रातून तो जात नाही आणि थर अभेद्य असल्याचा भास होतो. ३ चे छिद्र चालते. फार मोठे घेतले तर पेशीच खाली सरकतात.

ऑर्गनॉइड खरा उपयोगी पडतो तो वेगवेगळ्या पेशींपैकी परजीवी कोणती निवडतो हे पाहायला. त्यात म्यूलर पेशी (दृष्टिपटलातल्या आधारपेशी) महत्त्वाच्या, आणि त्या सर्वांत शेवटी तयार होतात. दोन महिन्यांच्या ऑर्गनॉइडवर केलेला असा प्रयोग वाया जातो. चार-पाच महिने थांबावे लागते. दुसरी अडचण रचनेतच आहे: प्रकाशग्राही पेशी बाहेरच्या बाजूला असतात. डोळ्यात परजीवी रक्तवाहिन्यांतून येतो, इथे मीडियममधून थेट त्यांच्यावर आदळतो. त्यामुळे 'पेशीमागे एक परजीवी' हे गणित कागदावरच राहते, आतल्या पेशींना तो भेटतही नाही. ऑर्गनॉइड अर्धा कापून किंवा सूक्ष्म सुईने आत सोडून हे काही अंशी सुधारते. गाभ्यात ऑक्सिजन कमी पडून पेशी मरतात; तो मृत भाग संसर्गाच्या खात्यावर टाकू नका. त्याच बॅचचा संसर्ग न केलेला कंट्रोल हवाच. रक्तवाहिन्या आणि मायक्रोग्लिया (दृष्टिपटलातल्या प्रतिकारपेशी) नसतात, तेव्हा दाहाविषयी फार बोलू नये.

दात्याच्या दृष्टिपटलात हे सगळे असते, वेळ तेवढा नसतो. मृत्यूनंतर तासातासाला चेतापेशी ढासळतात, कल्चरमध्ये मोजके दिवसच मिळतात. दात्याची टॉक्सोप्लाझ्मा आयजीजी (प्रतिपिंड) चाचणी आधी करा, नाहीतर जुना संसर्ग तुमच्या निष्कर्षात मिसळेल.

परजीवीची तयारी तिन्हींत सारखीच. ज्यांत परजीवी वाढवला ते फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतकाच्या पेशी) २७ गेजच्या सुईतून ओढून फोडा, ३ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळा आणि लगेच वापरा. पेशीबाहेर ठेवलेल्या टॅकिझोइटची शिरण्याची ताकद झपाट्याने घटते. संसर्ग नसलेल्या फायब्रोब्लास्टचा तसाच गाळ दुसरा कंट्रोल म्हणून ठेवा, कारण फुटलेल्या पेशींचा कचराही प्रतिसाद उठवतो.

परजीवीचा आरएच स्ट्रेन पेशीथर दोन-तीन दिवसांत फोडून टाकतो, म्हणून पुटी (सुप्त परजीवीच्या पिशव्या) पाहायच्या असतील तर एमई४९ सारखा प्रकार २ चा स्ट्रेन घ्या. मीडियमचा पीएच ८.१ च्या आसपास ठेवून प्लेट कार्बन डायऑक्साइड न सोडलेल्या इन्क्युबेटरमध्ये ठेवा आणि मीडियम रोज बदला. कार्बन डायऑक्साइड चालू राहिला तर पीएच खाली येतो आणि ब्रॅडिझोइट, म्हणजे पुटीतली संथ वाढणारी रूपे, तयारच होत नाहीत. हे काम जैवसुरक्षा पातळी २ चे आहे. सुईने फोडण्याच्या टप्प्यावर गर्भवती किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेली व्यक्ती नको.